अधिवृक्क ग्रंथी खरोखर थकते का?

सततच्या ताणाने अधिवृक्क ग्रंथी थकते, कॉर्टिसॉल कमी पडते आणि माणूस गळून जातो. 'क' जीवनसत्त्व, मॅग्नेशियम व मीठ घेतले की ग्रंथी पूर्ववत होते. जेम्स विल्सन यांनी १९९८ साली ही कल्पना मांडली आणि २००१ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. तिच्यातील धागे विज्ञानाचे आहेत. वीण मात्र चुकली आहे.

पहिला धागा हान्स सेल्ये यांच्या १९३६ च्या प्रयोगांचा. थंडी, इजा, अतिश्रम असे निरनिराळे ताण दिले तरी उंदरांच्या शरीराची प्रतिक्रिया सारखीच होती. ताण लांबला तर अखेरीस शक्तिपात होई. पण तो साऱ्या प्राण्याचा. अधिवृक्क ग्रंथी सेल्ये यांना उलट वाढलेली आढळली होती!

दुसरा धागा 'क' जीवनसत्त्वाचा. या ग्रंथीत त्याचा साठा मोठा असतो. १९२८ साली सेंट-ग्यॉर्गी यांनी ते वेगळे केले, तेही गुरांच्या अधिवृक्क ग्रंथींतून. पण साठा आहे म्हणून तो पदार्थ जास्त खाल्ल्याने ग्रंथीचे काम सुधारेल, असे कसे म्हणता येईल? कॉर्टिसॉल किती स्रवायचे हे हायपोथॅलॅमस आणि पीयूषिका ग्रंथी ठरवतात.

तिसरा धागा मिठाचा. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली वर्णिलेल्या रोगात ही ग्रंथी खरोखरच निकामी होते. अल्डोस्टेरॉनअभावी सोडियम लघवीवाटे निघून जाते आणि रोग्याला खारट खावेसे वाटते. मात्र त्यावर उपचार संप्रेरके देऊनच करावा लागतो. नुसत्या क्षारांवर विसंबल्यास जीव जाऊ शकतो.

२०१६ साली ५८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. 'थकलेली अधिवृक्क ग्रंथी' हा रोग असल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही.

थकवा खोटा आहे, असा याचा अर्थ नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वर्षे वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. त्याचे एक प्रमुख कारण लोह या खनिजाची कमतरता. म्हणजे आहारातील खनिजांचा थकव्याशी संबंध आहेच; पण कोणते खनिज कमी आहे हे तपासूनच ठरवावे लागते. सोयीस्कर नाव मिळाले की तपासणी राहून जाते, हेच या कल्पनेने होणारे खरे नुकसान. वर्गातली एखादी मुलगी सारखी दमलेली दिसली, तर तिला टॉनिक सुचवण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासले गेले आहे का, हे आपण विचारायला हवे.