प्रासाद कुणाचा?

व्हिएन्ना शहरातील बेल्व्हेडेअर हे नाव मुळी ‘सुंदर देखावा’ या अर्थाचे. पण हा देखावा कुणासाठी, हा प्रश्न मनात ठेवूनच रसिकाने आत पाऊल टाकावे. पहिला धनी सेनापती प्रिन्स यूजीन. १६९७ साली झेंटा येथे आणि १७१७ साली बेलग्रेडला तुर्कांवर जय मिळविणाऱ्या या सेनानीसाठी हिल्डेब्रांट या वास्तुशिल्पकाराने उतारावर दोन प्रासाद बांधले. खालचा राहण्याला, वरचा मिरविण्याला. मधली बाग जिरार याने आखली. तिथे झाडाला झाडासारखे वाढण्याची मुभा नाही. कातरलेली कुंपणे, कारंजी, स्फिंक्सच्या मूर्ती, सारी शिस्तीत उभी. वरून पाहावे तर बागेपलीकडे थेट शहराचे मनोरे! निसर्गानेही सेनापतीला सलामी द्यावी असा हा थाट. डोळे निवतात खरे. पण ती कवायत आहे, हे विसरू नये.

१७५२ साली मारिया तेरेझा हिने ही मिळकत विकत घेतली. पुढे राजघराण्याची चित्रे इथे आली आणि १७८१ साली लोकांसाठी खुली झाली. मेखेल याने ती भिंतीच्या शोभेखातर न टांगता देश आणि काळ यांच्या क्रमाने लावली. दरबारी वैभव पाहायला आलेल्या माणसाला कलेचा इतिहास वाचता येऊ लागला, ही केवढी क्रांती! ती चित्रे पुढे दुसऱ्या संग्रहालयात गेली. दृष्टी मात्र मागे राहिली.

आज गर्दी लोटते ती क्लिम्टच्या ‘चुंबन’पुढे. त्याचे सोने महालाच्या सोन्यात इतके मिसळते की पाहणारा तिथेच दिपतो. पण जरा खाली पाहावे: फुलांची जमीन संपते आहे आणि त्या स्त्रीच्या पायाची बोटे काठावर टेकली आहेत. चित्राचा प्राण झळाळीत नाही, त्या काठात आहे. मेसरश्मिटची तोंडे वेडावणारी शिरे तर दरबारी चेहऱ्याची सरळ थट्टाच करतात. महालाला न जुमानणारी कलाच इथे खरी शोभते.

आणि एक रिकामी जागाही पाहावी. क्लिम्टने १९०७ साली रंगविलेले आडेले ब्लोख-बाउअर हिचे सुवर्णचित्र इथे अनेक वर्षे होते. १९३८ साली नाझींनी तिच्या ज्यू पतीची मालमत्ता बळकावली, आणि हे चित्र त्याच वाटेने इथे आले. तिची पुतणी मारिया आल्टमन हिने दीर्घ झगडा दिला. अखेर २००६ साली लवादाच्या निकालाने पाच चित्रे वारसांना परत द्यावी लागली. राष्ट्राचा ठेवा गेला म्हणून हळहळणारे होते. परंतु लुटीचा माल चौथऱ्यावर चढविला म्हणून ठेवा होत नाही.

प्रासाद लोकांचा व्हायला दार उघडून भागत नाही. आतली प्रत्येक वस्तू कुणाकडून आली, याचा हिशेब उघडा ठेवावा लागतो. बेल्व्हेडेअरला तो हिशेब उशिरा आणि नाइलाजाने द्यावा लागला. तरी तो दिला गेला, म्हणून आज ‘चुंबन’कडे स्वच्छ मनाने पाहता येते. तोच इथला सर्वांत सुंदर देखावा.