आवाज आमचा, दवंडी कुणाची?

चौदा एप्रिल जवळ आला, धम्मचक्र प्रवर्तन दिन आला, सहा डिसेंबर आला, की बुलढाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली मोबाइलमोबाइलवर ध्वनिफिती फिरू लागतात. त्या आपल्याच वस्त्यांतली पोरे तयार करतात. ऑडॅसिटीसारखे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर २००० सालापासून फुकट मिळते. मोबाइलवरची साधने त्याहून सोपी आहेत. पडद्यावर आवाजाची लाट दिसते. ती बोटाने कापायची, पुढची मागे न्यायची, एकीखाली दुसरी सरकवायची. यातून जे तयार होते त्याला 'भावनिक' म्हणतात. त्याचा साचा बहुधा ठरलेला असतो. आधी बासरी किंवा व्हायोलिन, मग विजेचा कडकडाट, मग एखाद्या म्हातारीचा थरथरता आवाज, मग बाबासाहेबांचे एखादे इंग्रजी वाक्य, शेवटी गर्दीचा जयघोष आणि ढोल. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते. तो फीत पुढे पाठवतो.

आपली समीक्षा या फितींकडे ढुंकून पाहत नाही. छापलेला शब्द म्हणजे साहित्य आणि कानावर पडलेला शब्द म्हणजे करमणूक, ही विभागणी आपण प्रस्थापितांकडून घेतली आणि जपून ठेवली. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षर मिळाले नाही, त्या समाजाच्या समीक्षकाने तरी ही विभागणी मानू नये. या फिती आपल्या तरुणांची आजची कविता आहेत. म्हणून कवितेला विचारतो तोच प्रश्न मी त्यांना विचारणार आहे: इथे भावना कुणाची, आवाज कुणाचा आणि तो कुणाच्या कामी लागतो?

ध्वनीची रचना ही संगणकाने आणलेली नवलाई आहे असे कुणी समजू नये. आपल्या गावाने ती फार पूर्वी केली होती. महाराच्या हातातली घुंगूरकाठी हे ध्वनिरचनेचे साधनच होते. माणूस दिसण्याआधी त्याची जात ऐकू यावी, अशी ती व्यवस्था. डफडे मांगाने वाजवायचे. त्याच्या नादावर लग्नाची वरात चालायची, पण वाजवणाऱ्याने मांडवाबाहेर उभे राहायचे. आणि दवंडी महाराने द्यायची. दवंडीचा विचार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तिच्यात आवाज आमचा होता आणि शब्द पाटलाचा, सरकारचा होता. ज्याला स्वतःचे म्हणून एक वाक्य चावडीवर बोलता येत नव्हते, त्याचाच गळा साऱ्या गावाला हुकूम ऐकवत होता. जात डोळ्यांनी पाळली जात होती तशी कानांनीही पाळली जात होती.

यंत्राने आवाज पकडता येऊ लागला तेव्हा या व्यवस्थेत काय फरक पडला? याचे उत्तर आमच्याच जिल्ह्यात सापडते. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी गायिली आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी तिची ध्वनिमुद्रिका निघाली. मराठी भावगीताच्या इतिहासात तिला आरंभीचे मानाचे स्थान आहे. मुंबई-पुण्यापासून दूर, वऱ्हाडातल्या पैनगंगेकाठच्या एका वकिलाची कविता तीन मिनिटांच्या तबकडीवर बसून महाराष्ट्रभर गेली. याचा अभिमान मलाही आहे. कवीवर माझा रोष नाही. शीळ ऐकून व्याकूळ होणाऱ्या मुलीचे मन त्यांनी नितळ शब्दांत टिपले.

पण त्या दशकात याच मेहकर, चिखली, लोणार भागात आमच्या आज्या पहाटे जात्यावर बसत होत्या आणि दिवसा कापूस वेचत, निंदण करत गात होत्या. त्यांचे रानही तेच होते. त्या रानात त्यांना मजुरी होती, उन्हाचा तडाखा होता, पाण्यासाठी दुसऱ्याच्या विहिरीशी ताटकळत उभे राहणे होते. त्यांच्या गाण्याची तबकडी निघाली नाही. तबकडी काढणाऱ्याने त्यांना नकार दिला असेही नाही. त्यांच्या गळ्यात काही ध्वनिमुद्रित करण्यासारखे आहे, ही कल्पनाच कुणाला शिवली नाही. 'भावगीत' या शब्दातला 'भाव' कुणाचा मानायचा, हे अशा रीतीने न बोलता ठरून गेले.

ही उणीव भरून काढण्याचे मोठे काम हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी पुण्यातून केले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित झाल्या. २०१७ पासून 'पारी' हे संकेतस्थळ त्या गायिकेच्या नावागावासह लोकांपुढे ठेवत आहे. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमधील बायांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्या आहेत. १९९६ साली त्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्या ऐकताना मला जाणवते ते असे की, इथे कुणी ऐकणाऱ्याला रडवायला बसलेले नाही. एक बाई ओळ उचलते, दुसरी धरते. मध्ये श्वास तुटतो, कुणी खाकरते, शब्दाविषयी कुजबूज होते, पुन्हा ओळ सुरू होते. बाबासाहेब त्यांच्या तोंडी घरच्या माणसासारखे येतात. दुःख आहे, पण ते दाखवायला काढलेले नाही. कामात जसे असते तसे आहे. या संग्रहात पश्चिम महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. वऱ्हाडातल्या आमच्या बायांचे गळे अजून वाट पाहत आहेत, आणि ते फार दिवस वाट पाहू शकणार नाहीत.

आता सॉफ्टवेअरकडे येतो. त्यात गोंगाट काढण्याची एक सोय असते. ती कशी चालते हे आपल्या प्रत्येक लेखकाने एकदा पाहावे. आवाजाच्या लाटेतला असा तुकडा निवडायचा की ज्यात 'नुसता गोंगाट' आहे. यंत्राला सांगायचे, हा गोंगाटाचा नमुना. यंत्र तो लक्षात ठेवते आणि साऱ्या ध्वनीतून त्या नमुन्याशी जुळणारे सगळे दाबून टाकते. गोंगाट कोणता आणि अर्थ कोणता, हे यंत्राला ठाऊक नसते. ते सांगणारा माणूस ठरवतो.

पंख्याची घरघर काढली तर माझी तक्रार नाही. पण म्हातारी जात्यावर गात असेल आणि जात्याची घरघर हाच नमुना म्हणून दिला, तर ओवीतून श्रम निघून जातो. ज्या लयीने ती ओवी जन्माला घातली, ती लयच पुसली जाते. श्वास कापला की वय कापले. खोकला कापला की जिनिंगमध्ये सरकीच्या धुरळ्यात गेलेली वर्षे कापली. वऱ्हाडी उच्चार 'साफ' करून दुसऱ्या आवाजात वाचून घेतला की गाव कापले. उरतो तो गोड, निर्जंतुक, कुठल्याच गावाचा नसलेला आवाज. मराठी साहित्याने आमच्या भाषेला गोंगाट ठरवले तेव्हा हेच केले होते. तेव्हा नमुना त्यांनी दिला होता. आज आमची पोरे तो आपल्या हाताने देत आहेत, हे जास्त गंभीर आहे.

दुसरी सोय घुमाऱ्याची. साध्या खोलीत बोललेला शब्द देवळात किंवा मोठ्या सभागृहात बोलल्यासारखा घुमवता येतो. भावनिक फितींत तो हमखास वापरतात. ज्या बाईला गाभाऱ्यात पाय ठेवू दिला नाही, तिच्या आवाजाला आता संगणक फुकटात गाभारा देतो! १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात माणसे उभी राहिली ती समान हक्कासाठी. आवाजाला देवळाचा घुमारा मिळावा म्हणून ती उभी नव्हती. पत्र्याच्या घरात बोललेला शब्द पत्र्याच्या घरातलाच ऐकू आला पाहिजे. ते घर हा त्या शब्दाचा अर्थ आहे.

तिसरी सोय दाबाची. तिने मोठा आवाज खाली येतो, मग सगळेच वर उचलता येते आणि कुजबूज व आरोळी एका पातळीवर येतात. रस्त्याच्या गोंधळात मोबाइलवर ऐकायला हे सोयीचे असते. पण जो माणूस आयुष्यभर हळू बोलला आणि एकदाच ओरडला, त्याचे ओरडणे इथे ऐकूच येत नाही. सारेच ओरडते तेव्हा विद्रोह उरत नाही, नुसता मोठा आवाज उरतो.

मग भावना निर्माण करणारी ध्वनिरचना नकोच काय? तसे मी म्हणत नाही. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) मध्ये डुकराचा पाठलाग चालू असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. डुकरामागे धावणारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर निसटते. तिथे एकही व्हायोलिन वाजवून आम्हाला सांगावे लागत नाही की काय वाटून घ्या. दोन ध्वनी, एक राष्ट्राचा आणि एक जातीच्या कामाचा, समोरासमोर आणले एवढेच. 'सैराट' (२०१६) चे उदाहरण आणखी बोलके आहे. ज्या चित्रपटाच्या संगीतासाठी थेट अमेरिकेत मोठा वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण झाले, त्याच चित्रपटाने शेवटी सगळे ध्वनी काढून घेतले. लहानगे मूल रडते ते दिसते, ऐकू येत नाही. प्रेक्षकांचा आधार काढून घेतला जातो आणि ते आपापल्या जातीसकट अंधारात एकटे उरतात. भावनिक फितीत ऐकणाऱ्याला रडून मोकळे होता येते. हा शेवट ती मोकळीक देत नाही. माझ्या लेखी चांगल्या ध्वनिरचनेची कसोटी हीच आहे: ती ऐकणाऱ्याला सोडवते की अडकवते?

यावर कुणी म्हणेल, आपले जलसे, आपले शाहीर यांनी भावनेलाच हात घातला नव्हता काय? घातला होता. भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादा कर्डकांपर्यंत आणि कॅसेटच्या काळात प्रल्हाद शिंद्यांपर्यंत गाण्यानेच आंबेडकरी विचार झोपडीत नेला. पण जलशात सवाल होता, जवाब होता, समोर माणसे होती. शाहीर खोटे बोलला तर उठून विचारणारा समोर बसलेला होता. भावना विचारापर्यंत जाण्याची वाट होती. आजची फीत वाटेवरच थांबते. तिला ऐकणारा आहे, विचारणारा नाही.

आणि आता सर्वांत कठीण गोष्ट. नव्या सॉफ्टवेअरला माणसाच्या आवाजाचा थोडासा नमुना दिला, की ते त्याच आवाजात न बोललेली वाक्ये बोलून दाखवते. बाबासाहेबांचा ध्वनिमुद्रित आवाज आपल्याकडे आहे. १९५५ साली बीबीसीने घेतलेली त्यांची मुलाखत आज कुणालाही ऐकता येते. आता त्यांच्या छायाचित्राचे ओठ हलवून त्यांच्या तोंडी नवी वाक्ये घालणाऱ्या चित्रफिती फिरतात. पोरे ते प्रेमाने करतात, याची मला खात्री आहे. आज त्यात 'शिका' असेल, 'जागे व्हा' असेल. उद्या निवडणुकीच्या आदल्या रात्री त्याच आवाजात दुसरेच काही असेल, आणि त्या आवाजावर विश्वास ठेवायची सवय तोवर आपणच लोकांना लावलेली असेल.

दवंडीत आवाज आमचा आणि शब्द दुसऱ्याचा होता. इथेही तेच आहे, फक्त दवंडी द्यायला आपण बाबासाहेबांना उभे केले आहे! महारकी सोडा असे ज्यांनी आपल्याला सांगितले, त्यांच्या गळ्याला यंत्राच्या दारात महारकी लावायची काय? ज्यांनी प्रत्येक वाक्य पुराव्यानिशी लिहिले, त्यांच्या नावावर पुरावा नसलेले एक वाक्यही चढू देणे हा त्यांचा गौरव नव्हे. बुद्धाने आणि बाबासाहेबांनी आपल्याला पारखून घ्यायला शिकवले. ती पारख कानांनाही लागू आहे.

म्हणून घाटावरच्या आणि घाटाखालच्या माझ्या तरुण मित्रांना माझे सांगणे आहे. साधन सोडू नका. अक्षर हाती आल्यावर आपण ते सोडले नाही, हेही सोडू नका. पण बासरी शोधण्याआधी आपल्या वस्तीतल्या ऐंशी-नव्वदीच्या बाईकडे जा. तिची परवानगी घ्या. ती जिथे बसते तिथेच, तिच्या बोलीत, तिच्या श्वासासकट आवाज घ्या. तिचे नाव, गाव, तारीख बोलून ठेवा. १९५६ साली दीक्षेची वार्ता तिच्या घरी कशी आली, विहीर केव्हा खुली झाली, जाते केव्हा थांबले, हे विचारा. मूळ ध्वनी न कापता वेगळा ठेवा. संपादन करायचे ते त्याच्या नकलेवर करा आणि काय कापले ते सांगा. ती बोलता बोलता गप्प झाली तर ती शांतता भरून काढू नका. तिथे संगीत घातले की तिचे उत्तर तुम्ही दिल्यासारखे होते.

आपल्या साहित्याने वेदना, विद्रोह, नकार हे शब्द मराठीला दिले. ध्वनीच्या या नव्या दालनात पहिला नकार आपल्याला गोडव्याला द्यावा लागेल. आमचा आवाज खरखरीत आहे, कारण त्यात जाते आहे, धुरळा आहे, पत्रा आहे. तो साफ करून मगच ऐकणार असाल, तर तुम्ही आम्हाला अजून ऐकलेलेच नाही.