उल्लेखांची बेरीज म्हणजे संशोधनाचे मोल नव्हे

कार्ल फ्रिस्टन हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील मेंदूशास्त्रज्ञ. ‘सिमँटिक स्कॉलर’ या शोधयंत्रणेने २०१६ साली मेंदूविज्ञानातील प्रभावी संशोधकांची यादी केली, तीत त्यांचे नाव पहिले होते. त्यांचा एच-निर्देशांक २००च्या पुढे आहे. म्हणजे, प्रत्येकाचा किमान २०० वेळा इतर शोधनिबंधांत उल्लेख झाला आहे, असे त्यांचे २००हून अधिक निबंध आहेत. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने हे माप २००५ साली सुचवले. आकडा थक्क करणारा आहे. पण तो नेमके काय मोजतो?

फ्रिस्टन यांच्या निबंधांपैकी फार मोठा उल्लेख होतो तो एका साधनाचा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ‘एसपीएम’ ही संगणकप्रणाली तयार केली आणि जगभरच्या प्रयोगशाळांना विनामूल्य दिली. मेंदूच्या प्रतिमांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण ती करते.

हे काम किती अवघड आहे ते एका हिशेबाने कळेल. मेंदूच्या प्रतिमेचे ५०,००० छोटे घन पाडले आणि प्रत्येकाची ‘येथे हालचाल वाढली का?’ अशी स्वतंत्र चाचणी घेतली, असे समजू. प्रत्येक चाचणीत ५ टक्के चूक चालवून घेतली, तर मेंदूत काहीही घडत नसताना सुमारे २,५०० घन ‘जागे’ दिसतील! ही फसगत टाळण्याची गणिती रीत फ्रिस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. हे त्यांचे खरे, भक्कम काम आहे. मात्र ही प्रणाली वापरणाऱ्याने आपल्या निबंधात तिचा उल्लेख करायचा, ही रीतच आहे. त्यामुळे असे हजारो उल्लेख ‘आम्ही हे साधन वापरले’ एवढेच सांगतात.

शिवाय वापर झाला म्हणजे निष्कर्ष बरोबर ठरले, असेही नाही. २०१६ साली स्वीडनमधील आंदर्स एकलुंड आणि सहकाऱ्यांनी ४९९ निरोगी व्यक्तींच्या प्रतिमा घेऊन एसपीएमसह तीन प्रचलित प्रणाली तपासल्या. एकमेकांना लागून असलेल्या घनांच्या पुंजक्यांवरून निष्कर्ष काढताना, ५ टक्क्यांऐवजी काही परिस्थितींत ७० टक्क्यांपर्यंत खोटे निकाल येत होते. सुरुवातीची कसोटी कडक ठेवली तर पद्धत नीट चालते, असे उत्तर फ्रिस्टन यांच्या गटाने दिले. ते बरेचसे रास्त आहे. ढिली कसोटी निवडण्याचा दोष वापरणाऱ्यांकडेही जातो. आम्हाला लक्ष वेधायचे आहे ते वेगळ्याच गोष्टीकडे. एकलुंड यांच्या टीकालेखातही एसपीएमचा संदर्भ आहेच. म्हणजे टीका झाली, तरी उल्लेखांच्या खात्यात भरच पडली!

आता फ्रिस्टन यांच्या कामाचा दुसरा भाग. मेंदू सतत अंदाज बांधतो आणि अंदाज व अनुभव यांतील तफावत कमी करू पाहतो, अशी त्यांची मांडणी आहे. ‘मुक्त ऊर्जेचे तत्त्व’ या नावाने ती ओळखली जाते. विचार मोठा आहे. पण कोणत्या प्रयोगाने तो खोटा ठरू शकेल, असे टीकाकार विचारतात. हे तत्त्व आहे, तपासायची ती त्यातून निघणारी प्रतिमाने, असे फ्रिस्टन यांचे म्हणणे. हा वाद मिटलेला नाही. निर्देशांकात मात्र सिद्ध साधन आणि वादग्रस्त तत्त्व यांना एकच भाव मिळतो.

आमचा आक्षेप फ्रिस्टन यांच्यावर नाही. साधन घडवणे हे हलके काम मुळीच नाही. आक्षेप आहे तो या बेरजेवरून नेमणुका, बढत्या आणि अनुदाने ठरवण्यावर. तसे झाले की तरुण संशोधक अवघड प्रश्न सोडून लवकर उल्लेख मिळवून देणारे विषय धरतो. हा धोका ओळखूनच २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे संशोधनाच्या मूल्यमापनाविषयी जाहीरनामा तयार झाला. संशोधनाचे मोल नियतकालिकाच्या आकड्यावरून न ठरवता मूळ काम पाहून ठरवावे, असे तो सांगतो.

शिक्षकांना हे नवीन नाही. एकाच ८० गुणांमागे एका मुलाची समज असते, तर दुसऱ्याचे पाठांतर. ते कळायला उत्तरपत्रिका उघडावी लागते. संशोधकाच्या बाबतीतही तेच करायला हवे: उल्लेख किती हे पाहिल्यावर, ते कशासाठी झाले हेही विचारावे.