गळती की अडगळ? : एका संज्ञेची चिकित्सा

जावा भाषेत रचलेले वेब अ‍ॅप्लिकेशन काही दिवस सुरळीत चालून एकाएकी 'आउट ऑफ मेमरी' म्हणून कोसळते, तेव्हा त्या दोषास पुष्कळदा 'मेमरी लीक', म्हणजे गळती, म्हटले जाते. ही संज्ञा यथार्थ नाही. इतकेच नव्हे, तर ती शोधकास भलत्या वाटेने नेते, असे आमचे मत आहे.

सी भाषेत ती सार्थ आहे. तेथे घेतलेली जागा परत करणे प्रोग्रामकर्त्याकडे असते; तिचा पत्ताच हरवला की ती कोणाच्याही हाती राहत नाही. जावाचे तसे नाही. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी १९६० च्या निबंधात मांडलेली 'गार्बेज कलेक्शन'ची कल्पना जावाने आरंभापासून स्वीकारली. ज्या वस्तूपर्यंत कोणताही संदर्भ पोहोचत नाही, तिची जागा आपोआप मोकळी होते. अर्थात जावात मेमरी भरते ती वस्तू हरवल्यामुळे नव्हे, तर न सोडल्यामुळे. स्टॅटिक मॅपमध्ये घातलेली व कधीच न काढलेली नोंद ही गळती नव्हे, अडगळ होय.

हा केवळ शब्दच्छल आहे काय? गळती म्हटले की मनुष्य पाणी ठिबकते तेथे पाहतो. परंतु स्टॅक ट्रेस दाखवितो तो अखेरची मागणी नाकारली गेलेला. तो बहुधा निरपराध असतो. अडगळ म्हटले की प्रश्न पडतो : हे कोणी धरून ठेवले आहे? त्याचे उत्तर हीप डंपमधील संदर्भांच्या साखळीत मिळते.

'एक्सएमएक्स'चे मान वाढविणे नेहमीच गैर असते असे नाही. पूर्ण सफाईनंतर उरणारा साठा दर वेळी त्याच पातळीवर येत असेल, तर जागाच अपुरी आहे. ती पातळी चढतच राहिली, तर मोठी कोठी म्हणजे केवळ मुदतवाढ.

नामांतराने दोष जात नाही, याचा दाखला जावानेच दिला आहे. २०१४ मध्ये जावाच्या आठव्या आवृत्तीत 'परमनंट जनरेशन' जाऊन 'मेटास्पेस' आले. तथापि टॉमकॅटवर अ‍ॅप्लिकेशन पुनःपुन्हा चढविताना जुन्या क्लासलोडरचा एकही संदर्भ अडकून राहिला, तर त्याचे सारे क्लास आजही तसेच साचतात; आणि मर्यादा घातली नसेल, तर ते यंत्राची मेमरी व्यापीत जातात.

सारांश, नाव बदलून भागत नाही. पण चुकीचे नाव शोधाची दिशा चुकविते. म्हणूनच येथे 'अडगळ' हा शब्द रूढ व्हावा.