ट्रकमधली ‘चिप’ : फसवलेल्या साक्षीदाराची साक्ष

भिवंडीजवळच्या मानकोली, पूर्णा, काल्हेर या गोदामांच्या पट्ट्यातील शाळेत इंजिनाचा धडा घेताना एखादा विद्यार्थी विचारील, “सर, ट्रकमधला कॉम्प्युटर कुठे असतो? त्यात चिप बसवली की पिकअपही वाढतो आणि ॲव्हरेजही, हे खरे का?” प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा म्हणून तो टाळू नये. ज्या घराचा संसार ट्रकच्या फेऱ्यांवर चालतो, तिथे हा रोजच्या पैशाचा प्रश्न आहे.

आधी जागेविषयी. इंजिनाचे नियंत्रण करणारा कॉम्प्युटर म्हणजे ॲल्युमिनियमची बंदिस्त पेटी. तारांचा जाड जुडगा तिला जोडलेला असतो. काही ट्रकांत ती इंजिनाच्याच अंगाला बोल्टने बसवलेली असते, तर काहींत केबिनमध्ये. मात्र ‘चिप बसवणे’ हा शब्दप्रयोग आता जुना झाला आहे. १९८० व १९९० च्या दशकांतील अनेक मोटारींत आज्ञावली एका सुट्या चिपमध्ये असे. ती काढून दुसरी बसवता येई. आज ती आतल्या स्मृतीत असते आणि बदलायची तर केबल जोडून नव्याने भरावी लागते. ‘चिप’ म्हणून विकली जाणारी डबी पुष्कळदा कॉम्प्युटरला हातही लावत नाही. ती सेन्सर आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये बसते आणि खोटा निरोप पोचवते.

हे कसे घडते? आजच्या डिझेल इंजिनात इंधन एका सामाईक नळीत प्रचंड दाबाखाली ठेवलेले असते. समजा, कॉम्प्युटरला १५०० बार दाब हवा आहे. डबी सेन्सरचा संदेश कमी करून पुढे पाठवते. कॉम्प्युटर पंपाला आणखी जोर लावायला सांगतो आणि प्रत्यक्ष दाब १६५० बार होतो. छिद्रातून जाणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दाब १० टक्के वाढला, की तेवढ्याच वेळात सुमारे ५ टक्के जास्त डिझेल आत जाते. गाडी जोमाने ओढते. म्हणजे पिकअपचा दावा खोटा नाही. पण ही शक्ती डबीतून आलेली नाही, टाकीतून आलेली आहे.

मग ॲव्हरेज वाढल्याचे चालक शपथेवर का सांगतात? खरी मेख इथे आहे. डॅशबोर्डवरचा आकडा बहुधा कॉम्प्युटरच हिशेब करून दाखवतो आणि तो हिशेब दाबावर अवलंबून असतो. ३०० किलोमीटरांना खरोखर ७५ लिटर डिझेल लागले, तरी कॉम्प्युटर सुमारे ७१.५ लिटरच मोजील. पडद्यावर ४ ऐवजी ४.२ चे ॲव्हरेज दिसेल. एक थेंबही न वाचता बचत ‘सिद्ध’ होते! ज्याला फसवले त्याचीच साक्ष आपण पुरावा म्हणून स्वीकारतो.

याची किंमत मात्र खरी असते. पूर्ण भारावर जादा डिझेलला पुरेशी हवा मिळाली नाही, तर काजळी होते. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ निकषांनी जड इंजिनांच्या स्थिर चाचणीत नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅमवरून ०.४ ग्रॅमवर आणली. ती पाळण्याची सारी व्यवस्था खऱ्या मापांवर उभी आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या अशा फेरबदलासाठी वाहनमालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. धूर मात्र रस्त्याकडेच्या शाळेतल्या मुलांच्या वाट्याला येतो.

वर्गात डबी बसवून पाहण्याची गरज नाही. दावा कसा तपासता येईल, एवढेच मुलांना आखू द्यावे. टाकी काठोकाठ भरायची. तोच रस्ता, तेवढाच माल, तोच चालक. परतल्यावर त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची. एका फेरीवर भरवसा ठेवायचा नाही, अनेक फेऱ्या हव्यात. आणि डबी कोणत्या फेरीत चालू होती, हे चालकाला कळता कामा नये. ही शेवटची अट का, हे मुलांनाच विचारावे.

ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आपण फळ्यावर दरवर्षी लिहितो. एखादा मुलगा घरी जाऊन वडिलांना “आकडा पडद्यावरचा नको, पंपावरच्या पावतीवरचा बघा” असे सांगेल, तेव्हा तो नियम शिकवून झाला असे समजावे.