गिरणगांव, जागतिकीकरण व 'अधांतर'

अलीकडे मराठी टीकेंत 'जागतिकीकरण' हा शब्द पूर्वीच्या 'दैव' या शब्दाच्या जागीं येऊन बसला आहे. कोणत्याही दुःखाचें कारण विचारा, उत्तर हेंच. कै. जयंत पवार यांचें १९९७ सालचें 'अधांतर' हें नाटकही या संवयींतून सुटलेलें नाहीं. गिरणगांवांतील चाळीच्या एका खोलींत राहणारें धुरू कुटुंब. आई, तीन मुलगे व एक मुलगी. थोरला लेखनाच्या स्वप्नांत, दुसरा क्रिकेटच्या नादांत, तिसरा गुंडांच्या टोळींत. हें सारें जागतिकीकरणाचें फळ, असें आम्हीं व्याख्यानांतून वारंवार ऐकलें आहे.

परंतु सनावळी कांहीं निराळेंच सांगते. गिरणीकामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत होते. नवें आर्थिक धोरण आलें तें १९९१ सालीं, आणि जागतिक व्यापार संघटना १९९५ सालीं. म्हणजे धुरूंच्या चुलीला जी कळा आली ती बाजार खुला होण्यापूर्वींच. जुनाट साचे, मालकांनीं हात आखडून न केलेली गुंतवणूक, भिवंडीचे यंत्रमाग, हीं कारणें घरचींच होतीं.

मग त्या शब्दाचा येथें संबंधच नाहीं काय? आहे, पण तो गिरणीशीं नव्हे, गिरणीखालच्या जमिनीशीं. १९९१ च्या विकास नियमावलीनें ती जमीन विकण्याची वाट उघडली, मात्र मोकळी जागा व सार्वजनिक घरें यांसाठीं एकेक तृतीयांश राखून. २००१ च्या दुरुस्तीनें हा वांटा केवळ आधींच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरता उरला, आणि २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती दुरुस्ती उचलून धरली. परदेशी भांडवलाच्या मागणीनें जमिनीचा भाव कापडाहून मोठा केला. फिनिक्स मिलच्या आवारांत आज मॉल आहे.

नाटककाराचें बळ असें कीं तो संपाचा निवाडा करीत बसत नाहीं. संपानंतर एका खोलींत माणसें परस्परांशीं कशीं बोलूं लागतात, तें दाखवितो. मुलांची वांटणी मात्र आम्हांस जरा हिशेबी वाटते. प्रत्येकाच्या वांट्यास एकेक अधःपात! आईपाशीं हा हिशेब चालत नाहीं, म्हणून नाटक तिचें आहे.

आमच्या वर्गांतील एका मुलीनें विचारलें, "सर, माझ्या आजोबांची गिरणी जगानें बंद केली कीं शेटजींनीं?" तिला आम्हीं नाटक पुन्हां वाचावयास सांगितलें. त्या दिवशीं आमच्यापाशींही उत्तर तयार नव्हतें.