मुखपृष्ठावरचा खून

रहस्यकथेतला पहिला खून पहिल्या प्रकरणात पडतो, अशी आपली समजूत आहे. अलीकडे तो त्याच्याही आधी, मुखपृष्ठावरच पडतो. आणि बळी जाते ती बिचारी रहस्यकथा!

प्रकाशकाचे उंबरठे न झिजविता स्वतःच्या खर्चाने कादंबरी काढणे आता पुष्कळच सोपे झाले आहे. संगणकावर मजकूर जुळवावा, हव्या तर शंभरच प्रती छापून घ्याव्यात, नाही तर कागदाला हात न लावता पुस्तक थेट वाचकाच्या मोबाईलवर पाठवावे. या सोयीचा मला मनापासून आनंद आहे. कारकून, कंपाउंडर, निवृत्त फौजदार अशी माणसे आपापल्या गावी बसून रहस्यकथा लिहू लागली, आणि त्यांतल्या काही खरोखर चांगल्या आहेत. म्हणूनच त्यांच्या अंगावर चढविलेला पोशाख पाहून जीव हळहळतो.

हा पोशाख कसा असतो? एक पिस्तूल, चार रक्ताचे थेंब, एक भिंग, एका स्त्रीचा भेदरलेला डोळा आणि पाठमोरा हॅटवाला इसम. कथा कऱ्हाडजवळच्या साखर कारखान्यात घडते आणि मुखपृष्ठावर परदेशातल्या गगनचुंबी इमारती उभ्या असतात! आतला इन्स्पेक्टर तंबाखू मळतो; बाहेरचा पाईप ओढतो. दोन निरनिराळ्या लेखकांच्या पुस्तकांवर तीच बाई त्याच खिडकीतून डोकावताना मी पाहिली आहे. चित्र फुकट मिळणारे, तेव्हा ते दोघांनाही सापडले. रहस्यकथेत असा योगायोग आला असता, तर याच लेखकांनी त्याचा छडा लावल्याशिवाय सोडले नसते.

पण याहून मोठा अपराध निराळाच आहे. एका कादंबरीत फुटक्या बांगडीचा तुकडा डॉक्टरांच्या बॅगेत सापडतो आणि सारा उलगडा होतो. लेखकाने हा तुकडा दीडशे पाने मोठ्या कौशल्याने लपविला होता. मुखपृष्ठावर मात्र डॉक्टरांची बॅग आणि तिच्यातून डोकावणारी बांगडी! रहस्यकथेच्या मुखपृष्ठाने प्रश्न विचारावा, उत्तर देऊ नये. बंद दार दाखवावे, दारामागचा माणूस नव्हे. एवढे पथ्य पाळले, तरी निम्मे काम झाले.

मराठी रहस्यकथेला ही विद्या ठाऊक नव्हती असे नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड घराघरांत पोचले. त्यांच्या अनेक पुस्तकांवर रघुवीर मुळगावकरांच्या कुंचल्यातली चित्रे होती. मुळगावकर आणि दीनानाथ दलाल हे दोघेही मूळचे गोमंतकातले. दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला. देवादिकांच्या तसबिरी रंगविणारा मुळगावकरांचा हात चार आण्यांच्या रहस्यकथेसाठी चित्र काढताना आळस करीत नसे. पुस्तक स्वस्त म्हणून चित्रही स्वस्त, असा हिशेब त्यांनी मांडला नाही. त्या चित्रांत भडकपणा नव्हता असे कोण म्हणेल? होता, पण तो हाताने कमावलेला होता. चेहऱ्यावरची भीती त्याच कथेतली होती, उसनी आणलेली नव्हती.

यावर आजचा लेखक म्हणेल, “मास्तर, मुळगावकर आणू कोठून? खिसा माझा, कागद माझा, उधारीही माझी!” तक्रार रास्त आहे. स्वखर्चाच्या पुस्तकात मुखपृष्ठाची पाळी सर्वांत शेवटी येते, आणि तोवर थैलीचा तळ दिसू लागलेला असतो. पण चांगल्या मुखपृष्ठाला चित्र लागतेच असे कोणी सांगितले? इंग्लंडात १९३५ साली पेंग्विनची स्वस्त पुस्तके निघाली. त्यांतल्या रहस्यकथांवर चित्रच नव्हते. वर हिरवा पट्टा, खाली हिरवा पट्टा, मध्ये पांढऱ्यावर पुस्तकाचे व लेखकाचे नाव, बस्स. इटलीत तर १९२९ साली मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने पिवळ्या वेष्टनात रहस्यकथांची माला काढली आणि तिचा असा बोलबाला झाला, की त्या भाषेत ‘पिवळा’ हा शब्दच रहस्यकथेचा वाचक झाला! एका रंगाने जे साधले, ते आमच्याकडे पिस्तूल, भिंग आणि डोळा मिळून साधत नाही.

मग उरते ते अक्षर. येथे तर आमच्या दारिद्र्याला सीमा नाही. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या नावांची अक्षरे अशी रेखाटली, की जाहिरातीतले नाव पाहूनच नाटकाची जात कळावी. आमची रहस्यकथा मात्र संगणकात आयता सापडणारा ‘मंगल’ टंक लावून मोकळी होते. र. कृ. जोशींसारख्या अक्षरांच्या जाणकाराने तो घडविला, पण पडद्यावर मजकूर वाचता यावा म्हणून. मुखपृष्ठावर गर्जना करावी म्हणून नव्हे. शिवाय देवनागरीची समज नसलेल्या यंत्रात नाव टाकले, की ‘खिडकी’ची ‘खडिकी’ होते आणि ‘हत्या’मधला त पाय मोडून पडतो. शाळेत मुलाच्या वहीवर ज्याला मी लाल रेघ ओढीन, ते लेखकाने स्वतःच्या पुस्तकाच्या कपाळावर मिरवावे काय?

आता तर चित्र काढणारी यंत्रेही आली आहेत. चार शब्द सांगावेत आणि चित्र घ्यावे. चित्र झकपक असते. फक्त खुन्याच्या हाताला कधी सहा बोटे असतात, आणि मागच्या दुकानाच्या पाटीवर मराठीसारखी दिसणारी पण कोणत्याच भाषेत नसलेली अक्षरे! चाणाक्ष वाचक तेथेच ओळखतो, की या मुखपृष्ठाकडे लेखकाने नीट पाहिलेलेसुद्धा नाही. बारीकसारीक खुणा टिपणे हाच ज्या कथेचा प्राण, तिच्या दारातच ही बेपर्वाई!

बंगालीत सत्यजित राय यांनी १९६५ पासून फेलूदाच्या कथा लिहिल्या आणि त्यांची चित्रे व मुखपृष्ठेही स्वतःच केली. प्रत्येक लेखकाला हे साधणार नाही. पण आपली कथा नेमकी कशाविषयी आहे, हे एका वस्तूत सांगणे प्रत्येकाला साधावे. घड्याळ असेल तर एक घड्याळ. कुलूप असेल तर एक कुलूप. मोबाईलवर मुखपृष्ठ नखाएवढे दिसते. त्यात सात वस्तू कोंबल्या, तर नुसता चिखल दिसतो. एक ठेवली, तर ती डोळ्यांत भरते. आणि गावात चित्रकलेचे मास्तर असतात, दुकानांच्या पाट्या रंगविणारे पेंटर असतात. त्यांना हस्तलिखित वाचायला द्यावे, चहा पाजावा आणि योग्य ते मानधन द्यावे.

कारण प्रश्न सजावटीचा नाही. मराठी वाचायला शिकलेली कितीतरी माणसे रहस्यकथेच्या बोटाला धरून वाचनाच्या वाटेला लागली. माझ्या वर्गातली मुले ग्रंथालयाच्या कपाटापुढे उभी राहतात, तेव्हा पुस्तकाचे परीक्षण वाचून हात पुढे करीत नाहीत. मुखपृष्ठ पाहून करतात. तेथे हात मागे गेला, तर आतल्या कसबी लेखकाची सारी मेहनत फुकट. पुस्तकाची पारख मुखपृष्ठावरून करू नये, हे शहाणपण वाचकासाठी आहे. लेखकाने त्याच्या आड लपू नये.